बयाबाईची उपाशीपोटीची साखर

बयाबाईला दुधाचा वास सोसत नसे. लहानपणापासूनच. ताज्या धारेचा फेस नाकाशी आला की ती तोंड फिरवी, आणि नशीब असं की सगळा जन्म गेला म्हशींच्या आचळाखाली. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज पहाटे ती नवऱ्याबरोबर, पिराजीबरोबर, म्हशी घेऊन उभी राही. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळता गिलास हातात द्यायचा, त्यानं मिशा पुसून ढेकर दिली की पुढचा गिलास भरायचा. स्वतः मात्र कोरा चहा. कट्ट्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. धार काढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोण बघतो?

मग ती वाळायला लागली. झंपर ढगळ झाले. तहान भागेना, आणि सारखं आडोशाला जावं लागे. त्यातच एका म्हशीनं तिच्या उजव्या पायावर खूर ठेवला. अंगठा फुटला. हळद भरून झाली, चुना लावून झाला, जखम काही मिटेना. शेवटी सून तेजस्वी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टर अमरसिंहांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, आधी उपाशीपोटी साखर बघू. रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही.

बयाबाईनं ते तंतोतंत पाळलं. पहाटे कट्टा केला आणि तिथूनच रक्त द्यायला गेली. आकडा आला दोनशे श्याऐंशी.

"मावशी, तुम्ही करता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हसरं हाईत की. कट्ट्यावर धार काढतो."

"म्हणजे दूध पिऊन आलाय."

"न्हाय वो. मी दूध पीतच न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कंपाउंडरकडे बघितलं. "ऐकलंस का रे? गंगावेशीतली म्हसवाली, आणि दूध पीत नाही! उद्या गुऱ्हाळवाला येऊन सांगेल, गुळाला जीभ लावली नाही म्हणून!"

बाकावर बसलेले पेशंटही हसले. हसायला काय जातं?

आता, डॉक्टरांचं अगदीच खोटं होतं असं नाही. कट्ट्यावरचे निम्मे गडी गिलास रिचवून रक्त द्यायला जात, आणि वर विचारत, "दूध म्हंजे काय जेवण हाय व्हय?" असले पेशंट बघून डॉक्टरांचे केस पिकले होते. पण गावानं खाल्लेलं बयाबाईच्या पोटात कसं निघणार, एवढा विचार करायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

दुसऱ्या खेपेला ती कट्ट्यावर गेलीच नाही. घरून सरळ रक्त द्यायला गेली, तेजस्वीला साक्षीला घेऊन. आकडा आला दोनशे एकोणऐंशी.

"कट्ट्यावर नाही गेलात, पण घरात काय म्हशी नाहीत होय?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मी सोबतच होते," तेजस्वी म्हणाली. "आत्यांनी पाणीच प्यायलंय फक्त."

"तू सून ना गं त्यांची? मग दुसरं काय सांगणार तू?"

"अवो, पण पाय ठणकायचाबी बंद झालाय," बयाबाई म्हणाली. "काळा पडाय लागलाय. साखरंचं औषध तरी द्या."

"चुकीच्या आकड्यावर औषध देऊ? साखर एकदम उतरून चक्कर येऊन पडलात, की तुमची सगळी भावकी माझ्या दारात. आधी खरं उपाशी या." आणि त्यांनी मलम लिहून दिलं.

ठणका थांबला म्हणजे बरं वाटतंय, असं त्यांनी धरलं. मेलेल्या मांसाला ठणका नसतो, हे त्यांना शिकवायला कुणी यायला हवं होतं का?

बयाबाई घरी आली ती पेटूनच. आकडा उतरल्याशिवाय हा बाबा ऐकत नाही, तर उतरवूनच दाखवायचा. पण कसा? तिच्या ओळखीचा आकडा एकच: डेअरीला दूध घालणाऱ्या भावकीकडून ऐकलेला, यंत्रावरचा, दुधाच्या फॅटचा. दुधात पाणी पडलं की तो आकडा खाली येतो, हे गवळ्याचं शेंबडं पोरही सांगेल. तिनं स्वतः जन्मात कधी दुधात पाणी घातलं नव्हतं. कट्ट्यावर घालणार कुठं, गिऱ्हाईक डोळ्यात तेल घालून उभं! आता तिनं रक्तात घालायचं ठरवलं. आदल्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडला नाही, नुसतं तांब्यामागून तांब्या पाणी ढोसत राहिली. तेजस्वीनं हात जोडले.

"आत्या, असलं काय करू नका. खोटा आकडा घेऊन काय करायचाय?"

"गप बस. खरा घेऊन गेलो तवा काय दिवं लागलं?"

आकडा आला एकशे अडुसष्ट. तो पाण्यानं नव्हे, दिवसभराच्या उपासमारीनं उतरला असणार. पण बयाबाईला वाटलं, जिंकलो. आता तरी डॉक्टर पायाकडं बघतील.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा! खरं उपाशी आलात तर कसा झपकन खाली आला! मागं दोन्ही वेळा दूध पिऊनच आला होता, कबूल करा आता."

बयाबाई आपल्याच डावात अडकली. खरं सांगावं, तर आज लबाडी केली म्हणून सांगावं लागणार. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर शंभराच्या आत असते, आणि दोनदा एकशे सव्वीसच्या वर आली की तो मधुमेह. म्हणजे हा पडलेला आकडाही वाईटच होता. डॉक्टरांना हे पाठ होतं. पण भांडण जिंकलेला माणूस कागद वाचत नाही. "थोडी आहे. गोड कमी करा," म्हणाले आणि एक बारकी गोळी दिली.

पायाला घाण येऊ लागली तसं तेजस्वीनं नवरा, सासरा कुणाला न विचारता रिक्षा बोलावली आणि सासूला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. तिथल्या डॉक्टर आयेशा वयानं लहान. त्यांनी जुने कागद बघितले, तेजस्वीकडून सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"दूध प्यायलं असतं तरी धडधाकट माणसाची साखर इतकी चढत नाही. आणि गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी असते, तिला उपाशी राहावं लागत नाही. ती का नाही केली? मावशी, तुम्ही तरी तिसऱ्या वेळी आदला अख्खा दिवस उपाशी का राहिलात?"

"त्येनी ऐकावं म्हणून," बयाबाई म्हणाली.

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

मग भेटायला माणसं येऊ लागली. भावकीतली आक्का शहाळं घेऊन आली आणि कॉटच्या कडेला टेकत म्हणाली, "म्हसवाल्याच्या घरात पथ्य व्हायाचं न्हायच म्हणा. जिभंला कोण आवरणार?" कट्ट्यावर डॉक्टर अमरसिंहांचंच बोलणं फिरत होतं, की बाई चोरून दूध प्यायची. डॉक्टर आयेशांचं बोलणं दवाखान्यातच राहिलं.

माणसं पांगली. पिराजी स्टुलावर बसून राहिला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "अगं, आता आपण दोघंच हाय. मी काय रागवत न्हाय. खरं सांग, पीत हुतीस का?"

बयाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मांडीला मांडी लावून हयातभर धारा काढल्या होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "रोज चरवीभर दूध पोटात घातलं. झालं समाधान?"

पिराजीनं मोठा सुस्कारा सोडला. "मला वाटलंच हुतं," तो म्हणाला, आणि चहा आणायला उठला.