नाकाचा रंग बघायला कोणीतरी

ठाण्याच्या क्लिनिकमधल्या मुलीने सूचनांचा कागद मला वाचून दाखवला, कारण माझा चष्मा तिने आधीच काढून पर्समध्ये ठेवायला लावला होता. नाकाच्या दांड्यात इंजेक्शनने जेल भरून झालं होतं. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासात मोकळी. आता पंधरा दिवस चष्मा लावायचा नाही. उताणं झोपायचं. खाली वाकायचं नाही, वाफ घ्यायची नाही, नाक चोळायचं नाही, दाबायचं नाही. सॉना बाथ टाळायचा. शेवटची सूचना तिने दोनदा वाचली. घरातल्या माणसाने दिवसातून चार-पाच वेळा नाकाचा रंग बघावा, पांढरट किंवा जांभळट वाटला तर ताबडतोब फोन करावा.

"घरी कोण आहे, मॅडम?" तिने विचारलं.

"आहेत ना," मी म्हटलं.

घरी कोणी नव्हतं. ठाकुर्लीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी आणि आई अशा दोघी राहायचो, आणि आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी लग्न केलेलं नाही. माझं बसकं नाक हे त्याचं कारण नव्हतं, पण दाखवून घेण्याच्या त्या तीन-चार वर्षांत त्याचा विषय प्रत्येक वेळी निघाला, हेही खरं. आईने तिची नथ माझ्यासाठी जपून ठेवली होती. कधीतरी मला शेजारी बसवून ती नथ माझ्या नाकाशी धरून बघायची आणि म्हणायची, "नाक थोडं वर असतं तर!" मग हसायची. मीही हसायचे. मला राग यायचा हे तिला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही.

ती गेल्यावर मी नथ कल्याणच्या सोनाराकडून दाबाची करून घेतली, म्हणजे नाक टोचायला नको. घरी येऊन लावली तर नाकपुडीवर आडवी पडून राहिली. त्या दिवशी माझ्या मनात क्लिनिक शिरलं. पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना बाईने नाक करून घ्यावं, यावर कोण काय म्हणेल याची मी बरीच काळजी केली. ती करायची गरज नव्हती. विचारणारं कोणी नव्हतंच.

शुक्रवारी नाक झालं. शाळेत सांगितलं, दाढ काढायची आहे. मी कल्याणच्या एका शाळेत लॅब असिस्टंट आहे. अठ्ठावीस वर्षं पोरांना ओरडून सांगते आहे, नीट बघा, लिटमस निळ्याचा लाल झाला का, अंदाजाने लिहू नका. आणि आता स्वतःच्या नाकाचा रंग मला दिसत नव्हता. माझा नंबर लहानपणापासून प्लसचा, चष्म्याशिवाय जवळचं सगळं धुकं, आणि आता लांबचंही पुसट. आरशात एक चेहरा होता आणि त्याच्या मधोमध काहीतरी उंच होतं, एवढंच कळायचं. जे करून घ्यायला पंचवीस वर्षं लावली, ते करून घेतल्यावर बघता येईना. मी एकटीच मोठ्याने हसले. नाक ताणलं, दुखलं, म्हणून थांबले.

शनिवारचा दिवस फार लांबला. टीव्ही दिसत नव्हता, पेपर वाचता येत नव्हता, केर काढायला वाकता येत नव्हतं. कुकर लावला आणि शिट्टी व्हायच्या आधी खोलीत पळून गेले, वाफ लागेल म्हणून. दोन उशा लावून उताणी पडले. आई शेवटचे चार महिने अशीच उताणी पडलेली असायची आणि दर अर्ध्या तासाने हाक मारायची. "काय गं?" म्हणून मी जायचे, तर म्हणायची, "काही नाही, आहेस ना बघितलं." तेव्हा चिडायचे. शनिवारी दुपारी मला कोणी विनाकारण हाक मारावी असं फार वाटलं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकू होतं. ग्रुपवर मेसेज फिरत होता, सर्व महिलांनी यावे, नऊवारी आणि नथ. 'सर्व महिला' यात मी धरलेली असते की नाही, हे मला कधी नक्की कळलेलं नाही. सवाष्ण नाही, विधवा नाही, कुमारिका म्हणून पाय धुवावेत असं वयही राहिलं नाही. दरवर्षी मी दार लावून बसायचे. यंदा जायचं ठरवलं होतं. नवं नाक होतं, नथ होती. दाबायचं नाही हे पाठ होतं, पण नथ म्हणजे दाबणं हे काही डोक्यात आलं नाही. नथ म्हणजे दागिना. चार वाजता लावली, नीट बसली. कशी दिसते ते अर्थातच दिसलं नाही, तरी बोटांना कळत होतं. तशीच साडी नेसले. तासाभराने नाक ठणकायला लागलं.

नथ काढली आणि आरशापुढे गेले. एका हाताने चष्मा डोळ्यांपुढे अधांतरी धरला, दुसऱ्या हाताने मोबाईलचा टॉर्च. नाकपुडीच्या वर काहीतरी पांढरं दिसलं, का तो टॉर्चचाच उजेड होता, कळेना. क्लिनिकच्या नंबरवर डॉक्टरच बोलल्या. फोटो पाठवू का, मी विचारलं. शांतपणे म्हणाल्या, "फोटोवरून नाही कळणार. तिथे बोटाने हलकं दाबा, सोडा. दोन सेकंदांत रंग परत आला तर ठीक. नाही आला तर लगेच निघा, उशीर केलात तर तिथली कातडी मरू शकते. घरच्यांना बघायला सांगा. मी फोनजवळ आहे."

एक हात चष्म्याला, एक टॉर्चला आणि एक नाक दाबायला. मला दोनच होते. मी तीनदा प्रयत्न केला आणि मग पलंगावर बसून रडले. नाकापेक्षा त्या 'घरच्यांना'वर जास्त रडले. मग रडल्याने नाक पुसावं लागेल या भीतीने थांबले आणि समोरच्यांची बेल वाजवली.

समोरच्या वहिनी अकरा वर्षं समोर राहतात. आमचं बोलणं पाणी आलं का आणि कचरेवाला आला का, एवढंच. आई गेली तेव्हा पिठलं-भात घेऊन आल्या होत्या, मी दारातूनच डबा घेतला होता. त्यांनी दार उघडलं तेव्हा अर्धी नऊवारी कमरेला, हातात कुंकवाची डबी.

"वहिनी, माझ्या नाकाकडे बघता का जरा?"

"अगं बाई! काय झालं? पडलात का?"

मी दारातच सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी मला खिडकीत नेलं. दाबायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "थांबा हं, कुंकू आहे हाताला. मग काय, लालच दिसणार." हात धुऊन आल्या. हनुवटीला धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. इतक्या जवळून मला कोणी कधी बघितलं होतं, आठवेना.

"दाबलं. सोडलं. एक... आला! एकदम मस्त गुलाबी. परत करते. आला. काही टेन्शन नाही."

मी डॉक्टरांना कळवलं. नथ पुन्हा लावायची नाही आणि रात्रीपर्यंत दोनदा बघायचं, असं त्यांनी बजावलं. वहिनी साडी खोचत म्हणाल्या, "पण कशाला हो केलंत हे?"

"फार बसकं होतं ना."

"होतं का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खरं सांगू ताई? आधी कसं होतं ते मला आठवतच नाही."

त्या वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते आत गेलं. जे नाक सगळं जग बघतंय असं समजून मी मान खाली घालून जगले, ते समोरच्या दारातून अकरा वर्षांत कोणी बघितलंही नव्हतं. आणि मी तरी त्यांच्याकडे कुठे बघितलं होतं?

खाली मी गेले नाही. साडेसातला वहिनी स्वतःच आल्या. मला हळदकुंकू लावलं, तिळाची वडी दिली, वाण म्हणून एक चाळणी दिली, आणि नाक दाबून बघितलं. सोमवारी सकाळी दूध घेतानाही बघितलं. म्हणाल्या, "आधीचा फोटो दाखवा ना एखादा. मला कळू दे तरी."

शाळेतून रजा होतीच. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून मी फोटो शोधले. आईचे होते. औषधांच्या चिठ्ठ्यांचे होते, गॅसच्या पुस्तकाचे होते. माझा एकही नव्हता. आईचे सगळे मीच काढले होते. माझे काढणारं कोणी नव्हतं.

शेवटी क्लिनिकला फोन लावला. सुरुवातीला त्यांनी निळ्या पडद्यापुढे बसवून समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले होते, ते पाठवाल का म्हणून विचारलं. पलीकडची मुलगी एकदम सावध झाली.

"काही कम्प्लेंट आहे का, मॅडम?"

"नाही हो," मी म्हटलं. "शेजारी बघायला मागतायत."