अस्वल, प्रसाद आणि न झाडलेली गोळी

२००५ च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग अलास्कात होतं. अमेरिकन सैन्यात इन्फन्ट्रीत स्पेशालिस्ट, म्हणजे साध्या शिपायाच्या वर आणि सार्जंटच्या शिव्या खायला सोयीच्या अंतरावर. मी मूळचा नागपूरचा. शाळेत असताना आईबाबांबरोबर न्यू जर्सीत आलो आणि आयसेलिनजवळ वाढलो. मी भरती झालो तेव्हा ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानात एका काकूंनी आईला विचारलं होतं, "अगं, आर्मीत? एवढे कमी मार्क पडले का त्याला?" आईनं दुकानात हातातली साडी घडी घालून परत दिली. घरी आल्यावर मात्र तिनं कुकरचं झाकण असं आपटलं की बाबा बाहेर फेरी मारायला निघून गेले.

लोक मला इराकबद्दल विचारतात. त्याबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलायला मला जमत नाही. ही गोष्ट मात्र मी खुशाल सांगतो.

अलास्कात आम्ही ट्रेनिंगसाठी डोंगरात जायचो तेव्हा सगळ्यांच्या रायफलींमध्ये ब्लँक असायच्या, म्हणजे नुसता आवाज करणाऱ्या गोळ्या. खरी गोळी फक्त एकाकडे. त्याला आम्ही बेअर गार्ड म्हणायचो. त्याच्या हातात शॉटगन आणि त्यात जाडजूड स्लग, म्हणजे अस्वलाला आडवं करू शकेल अशी एकच मोठी गोळी. त्या आठवड्यात ही ड्यूटी माझ्याकडे आली. माझ्या स्क्वाडच्या, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीच्या, रक्षणासाठी नेमलेल्या माणसानं आयुष्यात एकच अस्वल नीट पाहिलं होतं, आणि ते नागपूरच्या महाराजबागेच्या पिंजऱ्यात झोपलेलं होतं. ही माहिती मी कुणाला दिली नाही.

आमचा स्क्वाड लीडर स्टाफ सार्जंट कोल हा मोंटानाचा. त्याच्या घरी सगळेच शिकारी, आईसुद्धा. बंदुकीबद्दल त्याला ना भीती होती ना प्रेम. आमच्याकडे विळीबद्दल असतं तेवढंच त्याला तिच्याबद्दल वाटायचं. शॉटगन माझ्या हातात देताना तो म्हणाला, "आधी बघ, अस्वलाच्या मागे काय आहे. मग बघ, आपल्याला मागे सरता येतंय का. अस्वल आपल्या घरात आलेलं नाही, आपण त्याच्या घरात आलोय. आणि मारलंसच, तर ते सोलून कातडं आणि कवटी सरकारजमा करायची. राज्याचा नियम आहे. सोलणार तू, मी कॉफी पिणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीच्या काठानं चाललो होतो. कोल आणि मी पुढे, बाकी स्क्वाड मागच्या टेकाडाच्या पलीकडे. त्या पट्ट्यातून हायकर्सची एक ट्रेल जायची. वळणावर आलो आणि एका मुलीची किंकाळी ऐकू आली.

"आई गं! रोहन!"

अलास्कातल्या डोंगरात "आई गं" ऐकून माझे पायच थांबले. कोलनं माझा खांदा दाबला आणि आम्ही झुडपांच्या कडेनं पुढे सरकलो.

समोर गवताच्या मोकळ्या जागेत दोन छोटे तंबू होते. त्यातल्या निळ्या तंबूच्या तोंडाशी एक तपकिरी अस्वल उभं होतं. मादी होती. तिची दोन पिल्लं मागे नदीच्या वाळूत खेळत होती. ती तंबूच्या कापडाला नाक लावून हुंगत होती, मग पंज्यानं ओढत होती. किंकाळी त्याच तंबूतून आली होती. दुसऱ्या बाजूला विशीतला एक मुलगा अनवाणी उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत भलंमोठं रिव्हॉल्व्हर होतं. त्याचं टोक अस्वलाकडे होतं, निदान त्याची तशी समजूत होती. खरं तर ते टोक कधी अस्वलावर, कधी तंबूवर, कधी आभाळावर जात होतं.

"ताई, डोन्ट मूव्ह!" तो ओरडला. "आय हॅव अ शॉट!"

त्याच्या बाजूनं पाहिलं तर तंबू आणि ती मुलगी अस्वलाच्या बरोबर मागे होती.

कोल हळू आवाजात रेडिओवर टेकाडामागच्या आमच्या स्क्वाडशी बोलला. "टू-वन, हॉल्ट ऑन द रिज. सिव्हिलियन्स, वन बेअर, वन हँडगन. स्टँड बाय." मग मला म्हणाला, "तुझी माणसं दिसतायत. बोल त्यांच्याशी. ओरडू नकोस."

माझी शॉटगन खांद्याला लागलेली होती. मी आवाज शक्य तितका सपाट ठेवून म्हणालो, "रोहन, मी आर्मीतला आहे. पिस्तूल खाली घे. तुझी ताई अस्वलाच्या मागे आहे. तू झाडलीस तर तिला लागेल."

त्यानं मान वळवली. मराठी बोलणारा अमेरिकन शिपाई झुडपातून निघालेला पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पण अस्वल तिला मारेल!"

"खाली घे. आधी खाली घे."

त्यानं रिव्हॉल्व्हर खाली केलं. त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की अस्वल अजून तिथेच आहे हे मी पळभर विसरलो.

मग मी तंबूकडे तोंड केलं. "ताई, तुमचं नाव काय?"

"केतकी." आवाज रडवेला, पण शुद्ध पुणेरी.

"केतकी, आत खायचं काय आहे?"

"काहीच नाही! सगळं बेअर कॅनिस्टरच्या घट्ट डब्यात टाकून लांब ठेवलंय. टूथपेस्टसुद्धा!"

"नीट आठव. ती उगाच नाही आली."

आत कपडे चाचपल्याची खसखस झाली. मग आतून बारीक आवाज आला. "जॅकेटच्या खिशात प्रसाद आहे. ट्रेलवर चढायच्या आधी नारळ फोडला होता. खोबरं आणि गूळ."

मी कोलला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "तिनं खायचं तंबूत ठेवलं?" आता प्रसाद म्हणजे खायचं नव्हे, हे मी त्याला कसं समजावणार? कॅनिस्टरमध्ये साबण, सनस्क्रीन आणि काल रात्रीच्या उष्ट्या चमच्याबरोबर प्रसाद कोण कोंबेल? माझ्या आईनंही खिशातच ठेवला असता.

"जॅकेट तिथेच राहू दे," मी केतकीला म्हणालो. "तंबूला मागून दार आहे ना? झिप हळूहळू उघड. रांगत बाहेर ये आणि डावीकडे, माझ्या आवाजाकडे ये. पळायचं नाही."

"मला नाही जमणार."

"जमेल. मी इथेच आहे."

झिपचा आवाज आला आणि मादीनं मान वर केली. केतकी गुडघ्यांवर बाहेर आली, उठली, आणि पाय ओढत आमच्याकडे चालू लागली. मादी तंबूला वळसा घालून पुढे आली. तिनं जबडा वाजवला, फूत्कार टाकला आणि सरळ आमच्या दिशेनं धावली.

केतकी तोवर आमच्या मागे पोचली होती. आता माझ्यासमोर फक्त अस्वल आणि त्याच्या मागे रिकामं गवत. सेफ्टी काढलेली. नेम छातीवर. माझ्या मते झाडायला याहून योग्य वेळ नव्हती.

"होल्ड," कोल म्हणाला.

ती जवळ येत होती. तिच्या अंगावरची चरबी धावताना हलत होती, हे मला अजून दिसतं.

"होल्ड."

ती थांबली. मागे गवताचा धुरळा उडाला आणि ती चार पायांवर उभी राहून आमच्याकडे पाहत राहिली. कोलनं ओठ जेमतेम हलवून रेडिओत सांगितलं, "टू-वन, ब्लँक्स. एव्हरीबडी. नाउ."

टेकाडावरून अख्ख्या स्क्वाडनं एकदम ब्लँक झाडल्या. असा कडकडाट झाला की माझ्या कानठळ्या बसल्या. मादी गर्रकन वळली, पिल्लांना पुढे घातलं आणि तिघं नदीतून पलीकडे गेली. चढावरच्या झुडपांत दिसेनाशी होईपर्यंत मी शॉटगन खाली केली नाही. मग सेफ्टी लावली आणि गवतात बसलो. कोलनं मला उठवलं नाही. तोही शेजारी बसला.

एकटा असतो तर मी झाडली असती. कायद्यानं ते चुकीचंही ठरलं नसतं.

केतकी टेक्सासमध्ये पीएच.डी. करत होती हे मला नंतर कळलं. रोहन तिचा चुलतभाऊ, टेक्सासमधल्याच अर्विंगमध्ये जन्मलेला आणि वाढलेला. रिव्हॉल्व्हर त्याचं, परवान्याच्या सगळ्या बाबतीत चोख. अस्वलाला पळवणारा तिखटाचा बेअर स्प्रेही होता, सॅकच्या तळाशी, दुकानातल्या प्लास्टिकसकट.

रोहन कोलला म्हणाला, "सर, आय हॅड अ राइट टू डिफेंड हर."

"होता की," कोल म्हणाला. "माझाही तोच हक्क आहे, मी तो कुणाला देणार नाही. पण अस्वलाच्या मागे काय होतं?"

रोहननं तंबूकडे पाहिलं. त्यानं रिव्हॉल्व्हरमधल्या गोळ्या काढून हातात घेतल्या आणि मग तोंड फिरवून रडला. केतकी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नकोस रे वेड्या. वाचले ना मी." मग तिला हसू आलं. मलाही आलं. त्या सकाळी आम्ही सगळे उगाचच हसत होतो.

निघताना तिनं जॅकेटच्या खिशातून ती पुडी काढली आणि आम्हाला एकेक तुकडा दिला. कोलनं गुळाचा खडा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाला, "अस्वलाचं काही चुकलं नाही." उरलेला प्रसाद टेकाडावरून खाली आलेल्या स्क्वाडनं तिथेच संपवला, म्हणजे कुणाच्या खिशात राहायला नको.

सार्जंट कोल २००७ मध्ये इराकमध्ये मारला गेला. मी त्याच रस्त्यावर होतो, मागच्या गाडीत. त्याबद्दल इथे एवढंच.

पुढच्या वर्षी मी सैन्यातून बाहेर पडलो आणि गाडी घेऊन मोंटानाला त्याच्या आईला भेटायला गेलो. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि बटाट्याचं सूप वाढलं. म्हणाल्या, "सगळे येऊन त्यानं काय काय केलं ते सांगून गेले. पदकाचा कागदही आहे. तू दुसरं काहीतरी सांग." म्हणून मी त्यांना अस्वलाचं सांगितलं. प्रसादाचं सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. तो दोनदा "होल्ड" म्हणाला ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि तिची पिल्लं?"

"आईबरोबर गेली. नदीपलीकडे."

"दोन्ही?"

"हो, मॅडम. दोन्ही."

त्यांनी माझा वाडगा ओढून घेतला आणि आणखी सूप वाढलं.