माझ्या नावावरचा फोन

काकूंनी कागद माझ्या हातात दिला नाही. चपलांच्या कपाटावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "इथंच सही कर. आत नको येऊस, आत्ताच लादी पुसलीय."

मी दारातच उभी. गिरगावातल्या नव्या टॉवरचा बारावा मजला. इथंच आधी त्यांची जुनी तीन मजली बिल्डिंग होती. त्या बिल्डिंगीतली ह्याच माणसांची लादी मी सहा वर्षं पुसलीय. गुडघ्यावर बसून. ओल्या लादीवरून कसं चालायचं ते मला ठाऊक होतं. पण तोंडातून आलं, "हो काकू."

ही माझी खोड. भीती वाटली की तोंडातून 'हो' येतं. आणि मला सारखीच भीती वाटते.

कागद काकांच्या अक्षरात होता. बँकेतून रिटायर झालेला माणूस, अक्षर छापल्यासारखं. मी आठवीतून शाळा सोडलेली, पण मराठी वाचता येतं. सावकाश वाचलं.

'सदर टेलिफोन व इंटरनेट जोडणी मी माझ्या स्वतःच्या वापराकरिता घेतली होती. तिची थकबाकी ही सर्वस्वी माझी जबाबदारी आहे. माझी परिस्थिती पाहून या कुटुंबाने केवळ माणुसकीच्या नात्याने तडजोडीची रक्कम भरण्याचे कबूल केले आहे. यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.'

स्वतःच्या वापराकरिता.

त्या फोनवर मी एकदाही बोलले नाही. मी तो पुसायचे. ओला फडका नाही, कोरडा. वाजला तर उचलायचा नाही, असा काकूंचा हुकूम होता. "तुझी भाषा लोकांना कळत नाही, उगीच त्यांना वाटायचं राँग नंबर लागला." इंटरनेटचा पासवर्ड मला कुणी कधी सांगितला नाही. मी मागितलाही नाही.

नाव मात्र माझं.

आमचं गाव परभणीकडं. सोळाव्या वर्षी मी ह्या घरात कामाला आले, राहूनच. एकोणिसावं लागलं तेव्हा काकांनी मला हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, "पोरी, मुंबईत तुझा पत्त्याचा पुरावा काय आहे? काही नाही. नवा फोन घेतोय तो तुझ्या नावावर घेऊ. दर महिन्याला तुझ्या नावाचं बिल येईल, गिरगावचा पत्ता असलेलं. बँकेत खातं उघडेल. तुझंच भलं आहे."

परगावाहून आलेल्यालाच कळेल हे काय असतं. जिथं जावं तिथं विचारतात, इथला पुरावा आणा. आणि इथं एक मोठा माणूस स्वतःहून म्हणतोय, तुझ्या नावाचं बिल. मी आधारची झेरॉक्स दिली, फोटो दिला, दाखवतील तिथं सह्या केल्या. फॉर्मवर संपर्काचा नंबर काकांचा. मी काकांच्या पाया पडले. खरंच पडले. पहिलं बिल आलं तेव्हा त्याच्यावरचं माझं नाव मी बोटानं चाचपून बघितलं होतं.

त्या एका उपकारावर त्यांनी माझ्याकडून काय काय करून घेतलं! काम सोडून मी परळला फॉल-पिको शिकले, हिंदमाताजवळ एका दुकानात बसायला लागले, तरी काकूंच्या साड्या यायच्याच. काकूंच्या, त्यांच्या बहिणीच्या, विहिणीच्या. फॉल माझा, दोरा माझा, मजुरी शून्य. "आमच्याकडंच वाढलीस ना गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, हो काकू.

मी काम सोडलं त्याच सुमारास टॉवर बांधायला बिल्डिंग रिकामी झाली. सगळे भाड्याच्या घरात गेले. फोन बंद करायचा अर्ज कुणी केला नाही. बिलं येत राहिली, बंद दाराखाली. मला पत्ताच नाही.

आता माझं सांगते, नाहीतर वाटेल मी धुतल्या तांदळाची. लॉकडाऊनमध्ये मी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे तीन हप्ते चुकवले. दुकान बंद होतं, खायची मारामार. ती चूक माझी. नंतर एकेक हप्ता भरून तो हिशोब मिटवला. मग बँकेतल्या बाईनं सांगितलं तसं पत सुधारायला थोडी रक्कम बँकेत मुदतीत ठेवली आणि त्या रकमेवर छोटं क्रेडिट कार्ड घेतलं. दोन वर्षं कार्डावर फक्त तेल आणि तांदूळ घेतला. तारखेच्या चार दिवस आधी भरायचे. दर तीन महिन्यांनी मोबाइलवर क्रेडिट स्कोअर बघायचे. रिपोर्ट इंग्रजीत. मी फक्त वरचा आकडा बघायचे. आकडा मुंगीसारखा चढायचा. मला वाटायचं, माझ्याच त्या तीन हप्त्यांचं पाप आहे, फिटतंय हळूहळू.

मला स्वतःची पिकोची मशीन घ्यायची होती. दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की साडीमागं अर्धे पैसे मशीनवाल्याचे. लालबागमध्ये जिच्या खोलीत मी पोटभाडेकरू राहते त्या वहिनींनी दाराजवळची जागाही देऊ केली होती. कर्जासाठी दादरच्या एका फायनान्सच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलीनं रिपोर्ट खाली सरकवत सरकवत बघितला आणि थांबली.

"ताई, हे फोनचं काय? गिरगावचा पत्ता. कंपनीनं बुडीत टाकलंय."

मी म्हटलं, "तो माझा पत्त्याचा पुरावा होता."

ती हसली नाही. मराठीत नीट समजावलं तिनं. "हे असेपर्यंत कर्ज होणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. वसुलीवाले म्हणतील, अर्धे भरा, सेटल करतो. सेटल करू नका. रिपोर्टवर तसंच लागतं, ह्यांनी पूर्ण भरले नाहीत म्हणून. पूर्ण भरा, बाकी शून्य असं पत्र घ्या, रिपोर्टवर क्लोज्ड आलं की या."

म्हणून गेल्या आठवड्यात मी काकांकडे गेले होते. भांडायला नाही. हात जोडायला. फोन तुम्ही वापरलात, बिल तुम्ही भरा, एवढंच सांगायला. आणि त्याचं उत्तर म्हणजे हा कपाटावरचा कागद.

मी धीर करून म्हटलं, "काका, तडजोड नको. पूर्ण भरा. सेटल केलं तर मला कर्ज मिळत नाही."

काका आतून आले. चष्मा वर सरकवला.

"आठवी पास पोरगी बँकवाल्याला बँकिंग शिकवतेय! ऐकलंस का गं?"

काकू म्हणाल्या, "जास्त शहाणी झालीय. हातात दोन पैसे खुळखुळायला लागले ना."

"अर्ध्यात मिटतंय तर मी पूर्ण का भरू?" काका म्हणाले. "तुला एक रुपया पडत नाहीये. काय फरक पडतो तुला?"

काय फरक पडतो. हा माणूस आयुष्यभर बँकेत कर्जाच्याच टेबलावर बसला होता. स्वतः सांगायचा जेवताना, मी वाढत असताना: आज एकाचा अर्ज फेकला, आज दुसऱ्याचा फेकला. सेटल आणि क्लोज्ड ह्यातला फरक त्याला माहीत नव्हता? माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. माहीत असून तो मला डाग देत होता आणि वर माणुसकी लिहून घेत होता.

तेवढ्यात काकूच बोलून गेल्या, "उपकाराची जाणीवच नाही. तेव्हा ह्यांच्या नावावर कंपनी कनेक्शन देत नव्हती, जुनं बिल भरलं नव्हतं म्हणून, तरी आम्ही मुद्दाम तुझं नाव..."

"तू आत जा," काका म्हणाले.

काकू गेल्या नाहीत.

मला एकदम गार वाटलं. भीती नव्हती ती. पत्त्याचा पुरावा मला नको होता. त्यांना हवा होता, एक न बुडवलेलं नाव. घरात तेवढं एकच होतं. लादी पुसणारीचं. आणि त्यासाठी मी पाया पडले होते.

"सही करतेस का मी आत जाऊ?" काका म्हणाले.

मी म्हटलं, "फोन तुमच्या घरात होता. तुम्ही वापरला. असं लिहा, मग करते सही."

"चल, नीघ. तोंड बघ आधी आरशात."

मी कागद उचलला, घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवला. काका ओरडले, "तो इकडे दे!" दिला नाही. तशीच लिफ्टमध्ये शिरले.

घरी वहिनींनी कागद वाचला. त्या मालवणच्या. म्हणाल्या, "अगो, तुका फसवल्यानी. आणि तू त्यांच्या साडयेक फॉल लावत बसलंस!" मग चहा टाकला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मशीनसाठी साठवलेले पैसे काढले आणि कंपनीच्या काउंटरवर पूर्ण बिल भरलं. काउंटरवाला म्हणाला, "मॅडम, अर्ध्यात होतंय की." मी म्हटलं, पूर्ण. बाकी शून्यचं पत्र घेतलं. रिपोर्टवर यायला महिना-दोन महिने लागतील. मशीन लांबली. अजून दुसऱ्याच्याच मशीनवर बसते, साडीमागं अर्धे सोडते.

मग मी काकांना रजिस्टर पत्र पाठवलं. माझ्या अक्षरात, वाकडंतिकडं. फोन कुणी वापरला, नाव कुणाचं लावलं, का लावलं, सगळं; आणि मी भरलेले पैसे परत द्या, असंही. सोबत पावतीची झेरॉक्स आणि त्यांच्या त्या कागदाची.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "आमची बदनामी करतेस? पोलिसात देईन."

मी म्हटलं, "द्या. मीपण येते."

कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो असं कळलंय. सोमवारी सुट्टी मागितलीय. त्या दिवसाची मजुरी बुडेल, बुडू दे. मला अजूनही भीती वाटते. तरी कोर्टाचा जिना चढणार. काकांनी दया म्हणून पैसे पाठवले तर परत करीन. माझ्या नावावर वापरलेल्या फोनचे म्हणून, तसं लिहून दिले तरच घेईन. आणि घेणार आहे.