होपफुली नापास

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, ड्रायव्हिंग टेस्ट घेतात. पास करायला त्यांना कधी शब्द लागला नाही. सही ठोकली की झालं. सगळी हौस नापासात. नुसतं 'फेल्ड' लिहिणं म्हणजे त्यांच्या मते माणसाचा अपमान. किती नापास, कसा नापास, हे त्याला कळायला नको? म्हणून शेरा इंग्रजीत, आणि ज्याच्या-त्याच्या मापाचा. खांबाला आरसा घासला तर 'स्लाइटली फेल्ड'. खांब वाकला तर 'बॅडली'. एक गृहस्थ खांब चुकवून थेट ऑफिसच्या पायरीवर चढले, ते 'मिझरेबली'.

पण त्यांचा लाडका शेरा 'होपफुली फेल्ड'. "नापास, पण आशा आहे," ते मला समजावत. "होप आहे ना, म्हणून होपफुली." माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं आहे, पण मी कशाला तोंड उघडू? ऐकायला मजा यायची. त्यांच्या ऑफिसातले जुने साहेब तर शेरे वाचतच नसत.

मग ताईला शाळेच्या व्हॅनवर नोकरी मिळाली. लग्नानंतरची पहिलीच, स्वतः खटपट करून मिळवलेली. सोमवारी लायसन्स दाखवायचं, नाहीतर शाळावाले दुसरीला घेणार. शुक्रवारी टेस्ट होती आणि घेणारे भावोजीच. नवे साहेब म्हणाले होते, "घरचं माणूस असलं म्हणून काय झालं? तुमच्याइतकं कडक आहे कोण इथे?"

ताईने चढावर गाडी दोनदा बंद पाडली. कुंपणाबाहेरून मला सगळं दिसत होतं. भावोजींनी पेन काढलं, तिच्याकडे पाहिलं, थोडं थांबले आणि लिहिलं.

नवे साहेब मात्र सगळं वाचत. आम्हाला आत बोलावून त्यांनी चष्मा काढला. "होपफुली फेल्ड? म्हणजे ही बाई नापास व्हावी अशी तुमची इच्छा होती?"

भावोजींनी तोंड उघडलं.

"परीक्षा घेणाऱ्याच्याच मनात असं असेल, तर ही टेस्ट रद्द," साहेब म्हणाले. "मी स्वतः परत घेतो. आत्ताच."

उघडलेलं तोंड भावोजींनी मिटलं. एरवी या शब्दासाठी तासभर वाद घातला असता त्यांनी. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "बायकोला इतकं पाण्यात पाहता?" तरी त्यांनी मिठाची गुळणी धरलेलीच.

रागाच्या भरात ताई भीती विसरली. चढ असा चढली की साहेबांनी उतरायच्या आधीच सही केली.

घरी जाताना गाडी ताईच चालवत होती. शेजारी मी, मागे आरोपीसारखे भावोजी. शेवटी मला राहवेना. होपफुलीचा त्यांचा अर्थ मी सांगून टाकला. ताईने गाडी बाजूला घेतली.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नापासच राहिली असतीस," भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ताई आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, माझेही. मग नाक ओढून तिने गाडी सुरू केली, आणि गाडी जागच्या जागी एक गचका देऊन बंद पडली.

भावोजींचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"लिहून तर बघा," ताई म्हणाली.