आबांची पिशवी आणि दिल्ली मेट्रोचे पोलीस

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिल्लीला न्यायचं ठरलं तेव्हापासून मला धड झोप लागेना. तिथे बहिणीला मुलगी झाली होती. आईने वारण्याआधी पहिल्या नातवंडासाठी चांदीचे वाळे करून ठेवले होते, आणि ते आबांना स्वतःच्या हाताने घालायचे होते.

आमच्या हिर्डोशी गावाहून एसटी कमी आहेत, म्हणून तुम्हीही कधी निघालात तर आदल्या दिवशी भोरला मुक्काम करा. कापूरहोळला हायवेवर पुण्याची गाडी लगेच मिळते. पुढे रेल्वे, भाकऱ्या बरोबर घ्या.

दिल्लीत मेट्रो सुरुवातीच्या स्टेशनात दारं उघडी ठेवून उभी होती. भोर स्टँडवर करतात तेच आबांनी केलं. वाळ्यांची पिशवी सीटवर टाकून जागा धरली आणि मला हाक मारायला खाली उतरले. दारं मिटली. वाळे गेले.

एका मुलीने आम्हाला स्टेशनातल्याच पोलीस ठाण्यात नेलं. या मेट्रोला स्वतःचे वेगळे पोलीस आहेत, हे मला माहीतच नव्हतं. तिथल्या हवालदार बाईंनी आधी आबांना पाणी दिलं. मग पडद्यावर दाखवलं: टोपी घातलेले आबा, सीट, पिशवी. पुढच्या एका स्टेशनावर बेवारस पिशवी म्हणून डबा रिकामा केला होता आणि तपासाचा कुत्रा पिशवी हुंगत होता. एवढ्या मोठ्या शहरात, जमिनीखाली, आमची पिशवी कुणीतरी पाहत होतं. मी बघतच राहिलो.

बाई हिंदीत म्हणाल्या, "बाबा, ही बस नाही. इथे जागा धरत नाहीत."

आबा मला म्हणाले, "मग सुटताना घंटी तरी द्यायची, म्हनावं."

मी घाबरत ते हिंदीत सांगितलं. बाई हसल्या. पिशवी आली, पण आत काय आहे ते सांगितल्याशिवाय देईनात. आबांनी नाचणीचं पीठ, लाडू सांगितले, मग मनगटाला बोटांचं कडं करून दाखवलं. "एका वाळ्याचं घुंगरू तुटल्यालं हाय."

बाईंनी वाळे काढले, घुंगरं मोजली आणि दोन्ही हातांनी आबांना दिले.

परतल्यापासून हिर्डोशीत लोक लाल किल्ल्याचं विचारतात. आबा त्या पोलीस ठाण्याचंच सांगतात. त्याआधी जन्मात ते कधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. शेजारच्या तात्यांची शेळी चोरीला गेली होती, आणि तेही भीतीने तक्रार द्यायला गेले नव्हते.

"जायाचं की, तात्या. पानी देत्यात," आबा म्हणाले.

"ते दिल्लीत. हितं कुठलं?"

आबा म्हणाले, "हितं बी बगू जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं भोरच्या ठाण्यात गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही.