पोत्यातून आलेली हाक

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अकोल्याला उपदेशक होतो तेव्हा असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भर बाजारात खिल्ली उडवायचो. साक्षात्कार वगैरे पवित्र शास्त्रात वाचावेत, आपल्या अंगणात शोधू नयेत, हे माझं ठाम मत! त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

मी मूळचा नगरकडचा. मिशननं मला अकोल्यात शाळा आणि प्रार्थनेची खोली चालवायला पाठवलं, आणि तिकडे अमेरिकेत लढाई पेटली. तिकडचा कापूस येईनासा झाला, तसा विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. शाळेतली पोरं, त्यांच्या आया, सगळे वेचणीला गेले. हंगाम सरला तरी शाळा भरेना. रविवारी गाणारा मीच आणि ऐकणाराही मीच. शेवटी खोलीला कुलूप लावलं. देवाला माझं काही काम नाही, असं वाटून मी त्याच्यावर चिडलो, अगदी मनापासून चिडलो — आणि प्रार्थना सोडली.

अमरावतीला कापसाच्या एका आवारात कामाला लागलो. तिथे बाप्तिस्म्याआधीचं नाव सांगितलं, लक्ष्मण. योहान हे माझं ख्रिस्ती नाव तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं काम पोती भरण्याचं. खड्ड्यावर लाकडी चौकट, तिला माणसापेक्षा उंच पोतं टांगलेलं. एक जण आत उतरून कापूस तुडवायचा, आम्ही वरून टोपल्या ओतायच्या. आतला माणूस सुरुवातीला दिसत नाही. म्हणून रीत अशी, की टोपली पडली की त्यानं ‘हो’ म्हणायचं, आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय पुढची ओतायची नाही.

एके दुपारी पोत्यात आमच्यातला किसन होता. वर मी आणि गणपत. टोपली, ‘हो’. टोपली, ‘हो’. मी पुढची उचलली, तेवढ्यात आतून किसनच्याच घोगऱ्या आवाजात आलं, “योहान, बस कर.”

मी टोपली खाली ठेवली.

“काय झालं बे?” गणपत म्हणाला.

“तो काय म्हणाला, ऐकलंस ना?”

“हो म्हनला. दुसरं काय म्हनन?”

मी खड्ड्यात उडी मारली आणि दोऱ्या कापायच्या कोयत्यानं पोतं फाडलं. कापसाबरोबर किसन बाहेर ओघळला. निपचित. नाकातोंडात कापूस.

मी तोंडात बोटं घालून तो काढत होतो, पाठ चोळत होतो आणि मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होतो. काय, ते मला नंतर कळलं. मी प्रार्थना करत होतो! “प्रभू येशू, याला जाऊ देऊ नकोस,” एवढंच, पुन्हा पुन्हा. किसन खोकला. मी तिथेच बसून लहान पोरासारखा रडलो.

पाणी प्यायल्यावर किसन म्हणाला, “मी त पयल्याच टोपलीत चक्कर येऊन पडलो. मंग काईच मालूम नाई.”

“अन् हो कोन म्हनून रायला होता?” गणपतनं विचारलं.

बेशुद्धीत माणूस पुटपुटत असेल, असं मी स्वतःला बरेचदा समजावलं. पण नाव? ते त्याला कुठून कळलं? आणि गणपतला ते ऐकू का आलं नाही? मिशनच्या पाद्रीसाहेबांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, “तुमचं काम पुन्हा सुरू करा.”

केलं. अकोल्याला परतलो नाही. इथेच, आवारामागच्या छपरीत, संध्याकाळी कापूस तुडवणाऱ्यांना अक्षरं शिकवतो आणि रविवारी उपासना घेतो. माणसं थोडीच असतात, पण मी आता डोकी मोजत नाही. किसन येतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईल असंही म्हणत नाही. दाराशी बसून ऐकतो. माझी सगळी हकीकत मी त्याला सांगितली आहे.

परवा उठता उठता म्हणाला, “मास्तर, मी त तुमच्या देवाचं नाव कदी घेतलं नाई. अन् तुमी त्याच्यावर रुसून बसले होते. तरी मायासाठी त्यानं तुमालेच हाक मारली. कावून?”