आत्या किती, मावश्या किती

माझ्या वर्गमित्राइतका चौकस माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही आणि त्याच्याइतका लाडका डॉक्टरही नाही. यातली दुसरी गोष्ट मला गेली तीस वर्षं सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याची थट्टा करायला लागलो की त्यात मत्सर किती, ते वाचकांनी आपल्या अंदाजाने वजा करून घ्यावं. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, मार्क मला जास्त होते. नंदनवनात एकाच रस्त्यावर आमचे दवाखाने आहेत. माझ्याकडे एसी आहे, टोकनचं मशीन आहे, मासे पोहणारी काचेची पेटी आहे. त्याच्याकडे दोन लाकडी बाकं आहेत आणि बाहेर रस्त्यापर्यंत गेलेल्या चपला.

तो पेशंटची नाडी नंतर बघतो, आधी नातेवाईक मोजतो. सर्दीने नाक गळणारा माणूस समोर बसला, तरी हा शिसपेन्सिल काढून विचारणार, "आत्या किती तुले? मावश्या किती? कायनं गेल्या?" बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्यावर तिरकी रेघ आणि ज्याला कॅन्सर झाला त्याचा गोल किंवा चौकोन काळा. त्या बिचाऱ्याचं सगळं खानदान कागदावर उतरेपर्यंत सर्दी आपोआप बरी होत असावी. लग्नात आम्ही बाकीचे डॉक्टर एका टेबलाशी बसून गुडघ्यांच्या ऑपरेशनांवर बोलत असतो, तेव्हा हा ताटातला वडाभात निवत ठेवून नवरीकडच्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात शिरलेला असतो आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर गोल काढत असतो. एकदा नवरदेवाची सख्खी आजी आपल्या चार बहिणींचा हिशोब त्याला सांगता सांगता अक्षता टाकायचीच विसरली. तिच्या घरचे याच्यावर चिडतील अशी मला आशा होती. पुढच्या आठवड्यात ते सगळे त्याच्या बाकांवर बसलेले दिसले.

कॅन्सरचा धोका आधीच सांगणारी ती जनुकांची तपासणी आली, तेव्हा आम्हा डॉक्टरांत दोन पंथ झाले. एक म्हणायचा, आधी कळून करायचं काय, उगाच लोकांची झोप कशाला उडवायची. दुसरा पंथ, लॅबचा प्रतिनिधी कॅलेंडर ठेवून गेला की, दिसेल त्याचं रक्त पाठवायचा. मी आधी पहिल्या पंथात होतो, कॅलेंडर आवडल्यावर दुसऱ्यात गेलो. हा मात्र कुठेच बसेना. तपासणी मागायला आलेल्या बहुतेकांना तो कागदावरचे गोल दाखवून सांगायचा, तुमच्या घरात हे दिसत नाही, घरी जा. ज्यांच्या घरात दिसायचं, त्यांना रक्त देण्याआधी दोनदा बोलवायचा आणि दोन प्रश्न विचारायचा. रिपोर्ट वाईट आला तर काय करणार? आणि तो ऐकायला सोबत कोण येणार? याची उत्तरं मिळाल्याशिवाय तो सुई लावू द्यायचा नाही. एका कारखानदाराने बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून ही तपासणी मागितली, तेव्हा याने त्याला "साडी घे बावा" म्हणून वाटेला लावलं. तो कारखानदार तेव्हापासून त्याचाच पेशंट आहे. आधी माझा होता.

माझं पितळ उघडं पडलं ते वंशावळीपायी. आमच्या घराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ मी हौसेने फ्रेम करून दवाखान्यात लावली होती. हा चहाला आला, हात मागे बांधून बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याच्यात बाया कुठी आहेत गा?" वंशावळीत मुली कशा असतील, त्या दुसऱ्याच्या घरी जातात, असं मी त्याला समजावलं. हे बोललो तेव्हा मी एम.डी. होतो. त्याच वर्षी माझ्या मुलीच्या मिहानमधल्या ऑफिसाने आरोग्याचा फॉर्म भरून मागितला होता आणि घरात कोणाला कॅन्सर आहे का, या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'नाही' लिहिलं होतं. बायकोच्या माहेरी कोणाला नव्हता, म्हणून पोरीला धोका नाही, असा माझा सरळ हिशोब. जनुकातला असला दोष बापाकडूनही तेवढाच येतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, घरी मात्र कधी लागू केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो मला न सांगता कुहीला माझ्या आत्याकडे जाऊन आला. संध्याकाळी माझ्या टेबलावर त्याने कागद ठेवला. आत्यानेच मला दाखवायला सांगितलं होतं. त्यावर तीन गोल काळे होते. एक माझी आजी, वडिलांची आई. एक थोरली आत्या, जी चाळिशीच्या आत 'सुकून गेली' असं आमच्याकडे सांगत. आणि तिसरी ही कुहीची आत्या. वीस वर्षांपूर्वी तिचा एक स्तन काढला होता. ती उन्हाळ्यातही अंगावर शाल घेते, ते म्हातारपणामुळे, असं मी समजत होतो.

मी गाडी काढून तडक कुहीला गेलो आणि तिच्याशी भांडलो. घरात सख्खा भाचा डॉक्टर असताना तू हे परक्याला सांगितलंस? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यानं इचारलं बाबू. तू येतं, बीपी पाहतं, जातं."

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो हेवा. माझी आत्या, माझ्या घरातलं दुखणं, आणि ते त्याच्या पेन्सिलीला आधी कळलं.

ज्याला रोग होऊन गेला त्याचं रक्त आधी तपासतात, म्हणून पहिलं रक्त आत्याचं गेलं. दोष सापडला. मग माझं गेलं. रिपोर्ट ऐकायला सोबत कोण, असं त्याने मलाही विचारलं. मी डॉक्टर आहे, मला कोणी लागत नाही, असं मी ऐटीत सांगितलं आणि एकटा गेलो. त्याने पाकीट फोडण्याआधी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणली. तोच दोष माझ्यातही होता.

मग मुलीचा नंबर लागला. ती सव्वीस वर्षांची आहे, तिचं तिनेच ठरवलं. रिपोर्टच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलो, आणि तिने सोबतीला निवडलं माझ्या कुहीच्या आत्याला. मी बाहेर त्या लाकडी बाकावर पेशंटांच्या मध्ये बसलो. तीस वर्षं डॉक्टरी केली, पण बंद दाराच्या बाहेर बसणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने मला विचारलं, तुमचं कोण आत आहे. माझी मुलगी, मी म्हणालो.

दार उघडलं. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि "आहे, बाबा" म्हणाली. दर वर्षी एमआरआय, मधे मधे तपासणी, पुढचं पुढे, घाई नाही, हे सगळं तिने मलाच समजावून सांगितलं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात धरला.

"काका म्हणाले, आत्याआजीला विचारून बघ असं तुम्हीच त्यांना सुचवलं होतं. नाही तर मला कळलंच नसतं."

मी दाराकडे पाहिलं. तो पुढच्या पेशंटला आत्या किती म्हणून विचारत होता. त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. आत्या शेजारीच उभी होती, तिला सगळं खरं माहीत होतं, आणि ती आपली शाल नीट करत राहिली. खरं काय ते मी मुलीला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर हे श्रेय दुसऱ्या कोणाला दिलं नसतं, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं, आणि त्याचा जितका हेवा त्या दिवशी वाटला तितका उभ्या आयुष्यात वाटला नव्हता.

संध्याकाळी आत्याला कुहीला सोडायला मी एकटाच गेलो. शहराबाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, ऑपरेशनच्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं? ती म्हणाली, "कोनीच नोतं रे," आणि घर येईपर्यंत बोलत राहिली.